वडिलांच्या नावाने प्रतिष्ठान काढायचंय? आधी व्याजाचा आकडा मांडा

ताई, तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी देतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमचे आप्पा पारोळा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते आणि शाळेइतकाच त्यांचा जीव वहीगायनात, म्हणजे डफावर वह्या गाण्याच्या खान्देशी लोककलेत होता. ते गेल्यावर तुम्ही चौघा भावंडांनी मिळून २० लाख रुपये बाजूला काढायचं ठरवलंय. गावात जुना वाडा आहे, दोन एकर कोरडवाहू आहे. धाकटा भाऊ गावातच राहतो, बाकीचे पुणे-सुरतेला, आणि अमेरिकेतला भाचाही पैसे पाठवायला तयार आहे. आप्पांच्या नावाने शिक्षण, कला आणि संस्कृती या तिन्हींसाठी प्रतिष्ठान काढायचं. शिष्यवृत्ती, वाचनालय, दरवर्षी लोककला महोत्सव आणि एक पुरस्कार द्यायचा. आणि काम जळगाव, धुळे, नंदुरबार अशा तिन्ही जिल्ह्यांत करायचं. तुम्ही विचारलंय ते एवढंच: ट्रस्ट करू, सोसायटी करू की कलम ८ ची (कंपनी कायद्याखालची, नफा न वाटणारी) कंपनी? आणि वर्षश्राद्धाच्या आत नोंदणी होईल का?

जळगाव-धुळे पट्ट्यातल्या लहान न्यासांचे हिशेब, त्यांचे कागद आणि त्यांच्या योजना बघण्यात माझं बरंचसं आयुष्य गेलंय, म्हणून सविस्तर लिहितो. नोंदणीचं उत्तर सोपं आहे, ते पुढे येईलच. अवघड प्रश्न दुसराच आहे. दहा वर्षांनी तुम्ही सगळे आपापल्या व्यापात असाल, तेव्हा दर जूनमध्ये पैसे कुठून येतील आणि ते कोणाच्या हातात पडतील? याचं उत्तर एका पानात लिहिता आलं, तर बाकी सगळं जुळवता येतं. ते येत नसेल, तर सगळ्यात देखणं विश्वस्तपत्रही दोन-तीन वर्षांत कपाटात जातं.

आकडा मांडू. २० लाख बँकेत मुदत ठेवीत ठेवले आणि साडेसहा-सात टक्के व्याज धरलं, तर वर्षाला १ लाख ३० ते १ लाख ४० हजार येतात. त्यातून लेखापरीक्षण, विवरणपत्रं, टपाल, झेरॉक्स, कोणाचं जाणं-येणं यात वीस-पंचवीस हजार सहज जातात. थोडं मुद्दलात परत टाकायला हवं, कारण आजच्या १ लाखाची दहा वर्षांनी तेवढी किंमत राहणार नाही. म्हणजे हातात उरतात ९० हजार ते १ लाख. तुमच्या यादीतला एकटा महोत्सवच मंडप, साऊंड, कलावंतांचं मानधन आणि जेवणावळीत एका रात्रीत याच्यापेक्षा जास्त खातो. वाचनालय वर्षभर चालवायचं तर ग्रंथपालाचं मानधन या रकमेत बसत नाही. मन मोडायला हे सांगत नाही. वर्षाला ९० हजार रुपये नेमके वापरले तर खान्देशातल्या एखाद्या तालुक्यात फार मोठं काम होतं. चार दिशांना वाटले तर कुठेच काही दिसत नाही.

आपल्याच मुलखातलं एक उदाहरण मी नेहमी देतो. चाळीसगावजवळ पाटणला, देवीच्या मंदिरात शके ११२८ चा, म्हणजे इ. स. १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघण यादवाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने तिथे मठ काढला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्या मठाला दान दिलं. लेखाचा शेवटचा भाग त्या काळच्या मराठीत आहे आणि तो सगळा उत्पन्नाबद्दल आहे: पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचं कोणतं उत्पन्न मठाचं, तेलाच्या घाण्यांकडून काय यायचं, वगैरे. तुम्हाला वडिलांसाठी जे करायचंय तेच त्याने आजोबांसाठी केलं. काम एकच ठरवलं, हे ग्रंथ शिकवायचे. आणि ते काम चालवायला दरवर्षी काय येणार, हे दगडात कोरून ठेवलं. विश्वस्तपत्रात याच दोन गोष्टी सर्वात आधी याव्यात असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडे टिकलेल्या संस्था पाहा. इतिहासाचार्य राजवाडे गेले ते १९२६ च्या अगदी शेवटच्या दिवशी, आणि पुढच्याच वर्षी धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. त्यांनी जमवलेली कागदपत्रं सांभाळायची आणि त्यांवर संशोधन करायचं, हे काम पहिल्या दिवसापासून स्पष्ट होतं. चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस १९८९ मध्ये गेले. त्यांचं घर आणि त्यांची कला जपण्याचं काम त्यांच्या नावाचं प्रतिष्ठान करतं. अमळनेरचं तत्त्वज्ञान मंदिर प्रताप शेठजींनी १९१६ मध्ये काढलं ते तत्त्वज्ञानासाठीच, आणि त्याच्यामागे गिरणीमालकाची थैली होती. जळगावचं गांधीतीर्थ, म्हणजे गांधीजींवरचं संग्रहालय, २०१२ मध्ये सुरू झालं, तेही एका मोठ्या उद्योगाच्या बळावर. यांचे आकार एकमेकांशी जुळणारे नाहीत, पण आपण काय करतो हे यातल्या प्रत्येकाला एका वाक्यात सांगता येतं. तुमचं वाक्य अजून ठरायचंय.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या मी इथून सांगू शकत नाही. धाकट्या भावाला आठवड्यातून एक संध्याकाळ खरंच देता येईल का? त्याची बायको, मुलं यात मनाने आहेत का? भावंडांपैकी कोणी दरवर्षी आणखी थोडी भर घालणार आहे का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही असेल, तर नवी संस्था काढूच नका असं मी म्हणेन. चांगल्या चालत्या संस्थेला आप्पांच्या नावाने कायम निधी द्या. विद्यापीठं आणि महाविद्यालयं देणगीदाराच्या नावाने पदक-पारितोषिक ठेवतात. जुनी वाचनालयं, संशोधन संस्था नावाने निधी घेतात. त्यात कमीपणा काहीच नाही, आणि दरवर्षीच्या कागदपत्रांतून तुमची सुटका होते. धाकटा भाऊ मनापासून हो म्हणत असेल, तर पुढचं वाचा.

आधी शिक्षण. 'शिष्यवृत्ती' म्हटलं की लोक फीचा विचार करतात, आणि तिथेच पैसे वाया जातात. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांसाठी शासनाच्या शिष्यवृत्ती आहेत. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आणि केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालंय. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत मिळतो. मग मुली अडतात कुठे? मेसच्या पहिल्या महिन्याच्या पैशावर, खोलीच्या अनामत रकमेवर, प्रवेशासाठी दोनदा जळगाव किंवा नाशिकला जाण्याच्या भाड्यावर, नॉन-क्रिमिलेअर आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी बुडालेल्या मजुरीवर. शासनाचे पैसे महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवरून येतात खरे, पण हप्ता कधी जमा होईल याचा नेम नाही. आणि मेसवाली मावशी सप्टेंबरपर्यंत थांबत नाही. जुलै-ऑगस्ट हा काळ असा, की कापसाला अजून दोन-तीन महिने आहेत, खत-फवारणीला घरातला पैसा गेलेला आहे, आणि नेमकी तेव्हाच कॉलेजची सुरुवात. याच फटीत मुली घरी परत येतात, आणि एकदा परत आल्या की दिवाळीनंतर लग्नाची बोलणी सुरू होतात.

म्हणून मी जिथे जिथे शब्द टाकू शकलो, तिथे एकच योजना सुचवली: जून ते सप्टेंबरचा आधार. प्रति विद्यार्थिनी ८ ते १० हजार, थेट मेसच्या किंवा वसतिगृहाच्या खात्यात, पावती आपल्या फाइलला. दरवर्षी पाच मुली घेतल्या तर ४०-५० हजारांत काम होतं. निवड गुणांवर करू नका. ८५ टक्क्यांच्या मुलीला कोणीतरी मिळतंच. ५८ टक्क्यांवर पॉलिटेक्निकला किंवा नर्सिंगला लागलेल्या आणि घरातून पहिल्यांदाच बाहेर पडणाऱ्या मुलीला कोणी विचारत नाही. शाळेतल्या दोन शिक्षिका आणि गावातली अंगणवाडी सेविका यांना विचारा. कोणाच्या घरी खरंच अडलंय, हे त्यांना कोणत्याही अर्जापेक्षा जास्त माहीत असतं. सत्कार, चेक देतानाचा फोटो हे कृपा करून टाळा. अठरा वर्षांच्या मुलीला गावासमोर गरीब म्हणून उभं करायचा आपल्याला अधिकार नाही. आणि एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: ठेवीचं व्याज मे अखेरीस हातात पडेल अशा तारखेने ठेव करा. व्याज मार्चमध्ये आलं की ते इतर खर्चात विरतं.

आता वहीगायन. इथे तुमच्या आप्पांचं नाव खऱ्या अर्थाने लागेल, म्हणून जरा थांबून लिहितो. बाहेरच्या वाचकांसाठी: श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई देवी बसते, रोटांचा नैवेद्य होतो आणि रात्र जागवायला डफावर वह्या गायल्या जातात. पुराणातल्या आणि लोककथांतल्या या गाण्यांची अहिराणी-मराठी बाडं, म्हणजे हाताने लिहिलेल्या वह्या, त्या त्या मंडळींकडे असतात. आप्पांच्या सोबत्यांकडे असं एखादं बाड असेलच. मी पाहिलेलं एक सांगतो: जुन्या हिशेबाच्या वहीत निळ्या शाईने लिहिलेलं, पाठपोट, कडा वाळवीने खाल्लेल्या, आणि समासात जागोजागी फुल्या. फुली म्हणजे इथे डफाचा ठेका बदलायचा. ती फुली वाचता येणारा माणूस ७६ वर्षांचा होता. मुलगा सुरतला कापड मार्केटमध्ये, नातवाला डफ धरता येत नाही. बाडाचे फोटो काढले म्हणजे शब्द वाचतील. ठेका वाचवायचा तर तो माणूस गात असताना, एकेका फुलीवर थांबवून, ध्वनिमुद्रण करावं लागतं.

तुमच्या पैशात हे बसतं. वर्षाला तीन-चार गायक घ्या. प्रत्येकाची बाडं त्याच्या घरीच, त्याच्या समोर स्कॅन करा. मूळ वही घराबाहेर न्यायची नाही, हा नियम पक्का ठेवा. 'दोन दिवसांत परत देतो' म्हणून नेलेल्या वह्या परत न आल्याच्या तक्रारी गावोगावी ऐकू येतात. गायकाला आणि डफवाल्याला त्या दिवसाचं मानधन रोख न देता खात्यावर द्या, आणि मुद्रणाची एक प्रत पेनड्राइव्हवर घरी द्या. एक पानी संमतीपत्र मराठीत करा: कोण गातंय, मुद्रण कशासाठी वापरलं जाईल, विकलं जाणार नाही, यूट्यूबवर टाकायचं असेल तर पुन्हा विचारू. ते मोठ्याने वाचून दाखवा, मगच सही किंवा अंगठा घ्या. प्रती तीन ठिकाणी ठेवा, त्यातली एक जिल्ह्याबाहेर. विद्यापीठातल्या मराठी विभागाशी किंवा धुळ्याच्या राजवाडे मंडळासारख्या संस्थेशी बोलून पाहा. बहिणाबाईंच्या ओव्या आज आपल्या हातात आहेत, कारण त्यांच्या घरच्यांनी त्या वेळीच कागदावर उतरवून घेतल्या. वहीगायकांच्या घरी तसं करायला कोणी नाही, आणि त्यांचं वय थांबत नाही.

याच कामाला जोडून एक काम असं आहे, की ज्यात तुमचा खर्च नगण्य आणि फायदा मोठा. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना आहे. एप्रिल २०२४ पासून निवड झालेल्या कलावंताला महिन्याला ५,००० रुपये मिळतात, म्हणजे वर्षाला ६० हजार. आपले वहीगायक, सोंगाडे, तमाशातली निवृत्त मंडळी यात बसू शकतात, पण अर्जच होत नाहीत, किंवा झाले तर कागदांवर अडतात. वयाचा पुरावा असतो, उत्पन्नाचा दाखला काढता येतो, आधार आणि बँक खातं असतं. नसतो तो कलेचा पुरावा. ४० वर्षं रात्र-रात्र गायलेल्या माणसाकडे एक निमंत्रणपत्रिका नसते. तुमच्या प्रतिष्ठानने अशा मंडळींचं जुनं काय आहे ते शोधून द्यावं: यात्रेची हँडबिलं, ग्रामपंचायतीचं पत्र, पेपरातलं कात्रण, लग्नाच्या अल्बममधला डफ हातात घेतलेला फोटो. आणि ऑनलाइन अर्ज भरताना शेजारी बसावं. निवड जिल्ह्याची समिती करते, ती तुमच्या हातात नाही, आणि तसं कबूलही करू नका. पण वर्षाकाठी दहा अर्जांतले दोन जरी मंजूर झाले, तरी तुमच्या सगळ्या ठेवीच्या व्याजाच्या जवळपास पैसे दोन घरांत दरवर्षी जातात.

महोत्सवाबद्दल थोडक्यात: वेगळा करू नका. कानबाई आहे, आखाजी आहे, गुलाबाई आहे. गावचा उत्सव आधीच चालू आहे. त्या रात्री दोन जुन्या फडांना मानधन द्या आणि शाळेतल्या मुलांना पुढे बसवा. बाहेरून प्रसिद्ध कलाकार आणला की बजेट त्याच्या विमानाला जातं आणि गावचे गायक मंडपाच्या मागे उभे राहतात. पुरस्काराची आत्ता गरज नाही. वाचनालयाचंही तसंच. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेलं अ, ब, क किंवा ड वर्गातलं वाचनालय तुमच्या गावात किंवा शेजारी असेलच. त्यांना संध्याकाळच्या अभ्यासिकेची वीज आणि टेबलं द्या, नवीन पाटी लावू नका.

आतापर्यंतचं एवढंच, की मुद्दल अखंड ठेवायचं. शिक्षणात जून-सप्टेंबरचा आधार, कलेत वह्यांचं जतन आणि कलावंतांचे कागद. आणि हे तीन जिल्ह्यांत नाही, तर पारोळा आणि फार तर एखादा शेजारचा तालुका. नंदुरबारचं मनात असेल तर जपून. धडगाव, अक्कलकुव्याकडची मुलं पावरी-भिली बोलतात. तिथलं काम तिथल्या माणसांनी, त्यांच्या भाषेतून करायचं असतं. पारोळ्याहून गाडी भरून वह्या-पेन नेण्याने ते होत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. तुमच्यासारख्या कुटुंबाला मी सार्वजनिक न्यास, म्हणजे ट्रस्टच सुचवतो. सोसायटीला किमान सात सभासद लागतात, निवडणुका होतात, आणि महाराष्ट्रात तिलाही १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंद करावीच लागते. सोसायटी चांगली तेव्हा, जेव्हा गावाला खरोखर मालक करायचंय. पण गट पडले की दोन्ही बाजू आपापल्या कार्यकारिणीचे बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात घालतात आणि निकालापर्यंत काम थंडावतं. कलम ८ ची कंपनी २० लाखांच्या कामाला जड आहे, दरवर्षीची पूर्तता महाग पडते.

न्यासाचा अर्ज सहायक धर्मादाय आयुक्तांकडे जातो. विश्वस्तपत्र, विश्वस्तांची संमती आणि ओळखपत्रं, कार्यालयाच्या जागेचं ना-हरकत पत्र एवढं व्यवस्थित असलं की अडत नाही, पण तीन महिन्यांत होईलच असा शब्द कोणी देऊ नये आणि तुम्ही घेऊ नये. विश्वस्त पाच ठेवा. त्यातले दोन घराबाहेरचे हवेत, आणि त्यातली एक तरी स्त्री शाळेशी संबंधित. विश्वस्त बदलला, राजीनामा आला, कोणी वारलं, की ९० दिवसांत बदल अर्ज द्या. हे एक काम वेळच्या वेळी केलंत तर निम्मी भांडणं जन्मालाच येत नाहीत. वडील वारले, मुलगा कामकाज बघायला लागला, पण कागदावर वडीलच राहिले, असे न्यास आपल्याकडे ढिगाने आहेत. बँक मग खातं गोठवते.

वाडा आणि जमीन न्यासाच्या नावे करू नका, निदान आत्ता नको. एकदा स्थावर न्यासाची झाली की कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त भाडेपट्ट्यावरही देता येत नाही. शेतजमिनीला कूळ कायदा आड येतो. त्याआधी सातबारावर सगळ्या भावंडांची, बहिणींचीसुद्धा, नावं लागली आहेत का ते बघा. आप्पांच्या नावाच्या कामात बहिणीच्या हक्कसोडीचं दुखणं शिरू देऊ नका. वाड्यातल्या दोन खोल्या वापरायला द्या, लिहून द्या, बास.

विश्वस्तपत्रातल्या उद्देशांवर सर्वात जास्त वेळ घालवा. 'आपल्या समाजातील विद्यार्थ्यांना' असं कुठेही येऊ देऊ नका. विशिष्ट धर्माच्या किंवा जातीच्या लाभासाठी काढलेल्या न्यासाला आयकराची सवलत मिळत नाही. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि बालकं यांच्यासाठी असेल तर चालतं. खान्देशात समाजमंडळांची परंपरा मोठी, त्यामुळे मसुदा लिहिणारा सवयीने ते वाक्य टाकून देतो. दुसरं, शिक्षण हा आयकराच्या दृष्टीने स्वतंत्र धर्मादाय उद्देश आहे, पण लोककलेचा प्रसार बहुधा 'सार्वजनिक उपयुक्तते'च्या सर्वसाधारण उद्देशात मोजला जातो. तिथे तिकीटविक्री, जाहिराती अशा व्यापारी स्वरूपाच्या जमा त्या वर्षाच्या एकूण जमेच्या २० टक्क्यांवर गेल्या तर त्या वर्षाची सवलत धोक्यात येते. भव्य स्मरणिका आणि पासेस विकून महोत्सव करायचा मोह आवरायला हेही एक कारण आहे.

आयकराची नोंदणी (सगळे जिला १२ए म्हणतात ती) आणि ८०जी (देणगीदाराला करात वजावट मिळवून देणारी) या दोन्ही वेगळ्या घ्याव्या लागतात. नव्या न्यासाला आधी तात्पुरती मिळते, तीन वर्षांची. काम सुरू झालं की सहा महिन्यांत नियमितसाठी अर्ज करायचा. ही तारीख चुकली तर फार त्रास होतो, भिंतीवर लिहून ठेवा. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे आकडे बदललेत, तेव्हा जुने नमुने डोळे मिटून उतरवू नका. वर्षाच्या उत्पन्नाच्या ८५ टक्के उद्देशावर खर्च व्हायला हवेत. तुमचे २० लाख मात्र 'कायम निधीसाठी' असं देणगीपत्रात स्पष्ट लिहून द्या आणि बँकेतच गुंतवा, नाहीतर ते सगळे त्या वर्षाचं उत्पन्न धरले जातील. पतसंस्थेत ठेवू नका, दीड टक्का जास्त देत असली तरीही. ठेवी अडकलेल्या घरांची खान्देशात उणीव नाही, आणि इथे प्रश्न मुलींच्या मेसचा आहे.

८०जी चा बडिवार फार करू नका. नव्या करप्रणालीत ती वजावट मिळत नाही, आणि बहुतेक नोकरदार आता त्याच प्रणालीत आहेत. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीवर तर कोणालाच मिळत नाही. जिनिंगवाले, डाळमिलवाले, डॉक्टर मंडळी देतील ती आप्पांकडे पाहून देतील. कंपन्यांच्या सीएसआरचा, म्हणजे त्यांनी सामाजिक कामासाठी काढलेल्या पैशाचा, विचार तीन वर्षांनी करा. बाहेरच्या न्यासाला तीन वर्षांच्या कामाचा अनुभव, १२ए, ८०जी आणि सीएसआर-१ ची नोंद लागते. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत शिक्षण आहे, पारंपरिक कला आहे आणि सार्वजनिक ग्रंथालयंही आहेत, त्यामुळे तोवर नीट ठेवलेली कागदपत्रं कामाला येतील.

अमेरिकेतल्या भाच्याने अजून भारतीय पासपोर्ट ठेवला असेल आणि तो स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर ती विदेशी देणगी धरत नाहीत. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, तर एफसीआरए (विदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय एक रुपयाही न्यासाच्या खात्यात घेऊ नका. तो इथे आल्यावर त्याच्याकडून ध्वनिमुद्रणं नीट लावून घ्या, तेवढी मदत पुरे.

राहिली वर्षश्राद्धाची तारीख. त्या दिवशी नोंदणीपत्र हातात नसलं तरी काही बिघडत नाही. स्वतःच्या पैशातून पाच मुलींची मेस भरायला कुठलीच नोंदणी लागत नाही. लोकांकडून मात्र एक पैही घेऊ नका. नोंदणी नसताना धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करण्यावर कायद्यात निर्बंध आहेत. पहिलं वर्ष घरच्या पैशावर चालवा. पाच मुली, दोन वहीगायक, पाच अर्ज. एक साधं रजिस्टर घाला: तारीख, नाव, गाव, कशासाठी, किती, पावती क्रमांक, आणि तीन महिन्यांनी काय झालं. या शेवटच्या रकान्यासाठी धाकट्या भावाने स्वतः फोन करायचा. वर्षअखेरीस ते रजिस्टर समोर ठेवून चौघांनी बसा. काम जमतंय असं वाटलं तर त्यातूनच उद्देश लिहा आणि न्यास नोंदवा. धर्मादायचं काम नेहमी करणारे वकील आणि न्यासांचे हिशेब पाहणारे सीए, दोघांनाही मसुदा दाखवा. नुसत्या कंपन्यांचं काम करणाऱ्या सीएंकडून या कायद्यातल्या तारखा सुटतात.

उद्देशाचं कलम लिहून झालं की नावं-पत्ते काढून इथेच टाका. मी वाचेन, आणि या कामातले आणखी दोघं-तिघं इथे आहेत, तेही वाचतील.